पलंगाखालचे ठोकळे

"गेस्केताई, बसा हो आता. तिसऱ्यांदा चहा करतोय," डाउवे म्हणाला.

"बसते, बसते," म्हणत गेस्के घडी घातलेल्या दुपट्यांची पुन्हा घडी घालायला लागली.

आज गेस्केचा या घरातला पाचवा दिवस. इकडे फ्रीसलंडमध्ये बाळंतपणानंतर आठ दिवस सेविका घरी येते, बाळाला न्हाऊ घालते, आईला सांभाळते आणि मुलगी झाली असली की गुलाबी बडीशेप पेरलेला टोस्ट खात घरच्यांबरोबर दोन घटका बसते. गेस्के एकदाही बसली नव्हती. टोस्ट ती उभ्यानं खायची, चहा खिडकीशी प्यायची, तोही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. डाउवेला वाटायचं, काय उरक आहे बाईंचा!

उरक कसला? बसलं की उठता येत नव्हतं. माकडहाडाच्या वर, कणा जिथे कटीच्या हाडाला मिळतो, तो उजवीकडचा सांधा वर्षभर निखळल्यासारखा दुखत होता. खुर्चीतून उठताना आत कुणी सुरी फिरवावी तशी कळ यायची. सेविका धाडणाऱ्या ऑफिसला याची कुणकुण लागली होती. गेस्केला आता घरोघर पाठवायचं नाही, फोनवर बसवायचं, असं तिथे घाटत होतं. फोनवर बसायचं म्हणजे हातात पुन्हा बाळ येणार नाही. सत्तावीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं आणि तिला दुसरं काही करायचंही नव्हतं. आज दहा वाजता ऑफिसातून डाउवेच्या बायकोला, बाळंतीण नीन्केला, फोन येणार होता. सेविका कशी आहे, विचारायला.

बरं, दुखण्याला बोलावणं तिनंच धाडलेलं. नियम साधा आहे. बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून सेविकेच्या कमरेइतका उंच करायचा. नसेल केला, तर सेविकेनं काम नाकारावं. पण फ्रीसलंडच्या बाया मुळातच ताठ, त्यात गेस्के म्हणजे विचारायलाच नको. "राहू दे रे, मला नाही लागत," असं म्हणत तिनं शेकडो बुटक्या पलंगांवर कंबर वाकवली होती. बिनठोकळ्यांची गेस्के, असं तिचं नाव पडलं होतं आणि ते तिला आवडायचं. आता ठोकळे मागावेत तर दुखणं उघडं पडेल, चोराच्या मनात चांदणं. डाउवेनं आणलेले ठोकळे शेडमध्ये सायकलींखाली तसेच पडून होते.

पावणेदहा झाले. गेस्केनं कटीला आवळायचा पट्टा हातात घेतला आणि नीन्केच्या पलंगाशी वाकली. नीन्केचंही त्याच सांध्यात दुखत होतं. बाळंतपणापासून तिला उताणं झोपून सरळ पाय उचलताच येत नव्हता.

"उचल बघू."

पाय बोटभरही हलला नाही. गेस्केनं तिच्या कटीवर दोन्ही बाजूंनी तळहात दाबून धरले. "आता उचल."

पाय वर आला.

"अगं बाई! हा माझाच पाय?"

"पायाला काही झालेलं नाही पोरी. पोटाचे नि पाठीचे स्नायू सैलावलेत. सांधा तेच आवळून धरतात. आत्ता मी धरला, आता हा पट्टा धरेल आणि पुढे तुझं तू धरशील. उठताना आधी श्वास सोड, ओटीपोट हलकंच आत घे, मग कुशीवर वळ."

पट्टा बांधून गेस्के सरळ व्हायला गेली आणि तिनं पलंगाची कड घट्ट धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

नीन्के तिच्याकडे बघत राहिली. "ताई, तुमचा सांधा कोण धरतं?"

"मला काय धाड भरलीय?"

"पलंग इतका खाली आहे, की पाच दिवस मला तुमच्या कमरेशिवाय काही दिसलेलं नाही. काय धाड भरलीय ते मला विचारा."

तेवढ्यात फोन वाजला.

खोलीबाहेर जावं असं गेस्केला वाटलं, पण पाऊल उचलेना.

"हो, मीच बोलतेय," नीन्के म्हणाली. "बाळ छान आहे. गेस्केताई? अहो, कसली कडक बाई पाठवलीत! ठोकळे लागल्याशिवाय पलंगाला हात लावणार नाही म्हणाल्या."

पलीकडून आवाज आला, "आमची गेस्के?"

"तुमचीच. पुढच्या घरी आधीच सांगून ठेवा बरं. नाहीतर त्या दारातून परत फिरतील."

तिनं फोन ठेवला. श्वास सोडला, कुशीवर वळली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा कुणाचा हात न धरता उभी राहिली.

"डाउवे! ते ठोकळे आण. मी खोटं बोललेय, ते खरं करायचंय."

डाउवेनं पलंगाचा एकेक कोपरा उचलला आणि गेस्केनं पायानं एकेक ठोकळा खाली सरकवला. तिला राग आला होता, लाजही वाटत होती, आणि डोळे भरून येत होते ते वेगळंच. नीन्केनं बाळ तिच्या हातात दिलं आणि पलंगाच्या उंच काठाकडे बोट दाखवलं.

गेस्के टेकली. डाउवेनं चौथा चहा आणला. तो तिनं गरम गरम प्यायला, टोस्ट खाल्ला, मांडीवरची बडीशेप वेचून तोंडात टाकली. मग बाळ रडलं म्हणून ते खांद्याशी धरून ती येरझारा घालायला लागली, आणि खिडकीपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण उठलो.