टँकरच्या रांगेतला तारा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ. संध्याकाळी औशाजवळच्या एका गावात शिवमूर्ती गुरुजी शाळेच्या अंगणात गावकऱ्यांना ताऱ्यांविषयी सांगत होते. टँकरचा भोंगा वाजताच सगळे घागरी घेऊन पळाले. वहिदाभाभी तेवढ्या बसून राहिल्या. "जळण सरल्यावर ताऱ्याचं काय व्हतंय?" गुरुजींचा उतरलेला चेहरा खुलला. "पाणी जाईल, भाभी. रांगेत सांगतो." त्यांनी भाभींची घागर उचलून रांग गाठली. "आतली आग बाहेर रेटते, म्हणून मोठा तारा तग धरतो. आग विझली, की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो." रांगेतले मागं वळले. "इतका दाटतो, की उजेडही सुटत नाही. तेच कृष्णविवर." "गेलेला उजेड पुन्हा येतच न्हाई?" भाभींनी विचारलं. त्यांची पाळी आली होती. घागरी भरून झालेलेही ऐकायला थांबले होते. टँकरवाल्यानं पाइप दाबून धरला. "भरतो की. आधी तेवढं सांगा, गुरुजी."