सहा ते सव्वासहा

हडपसरच्या आयटी कंपनीत मॅनेजर झाल्यापासून शलमोनचं घरात लक्ष असायचं ते फक्त सकाळी सहा ते सव्वासहा. तेवढा वेळ फोन बंद, डोळे मिटलेले आणि कौटुंबिक प्रार्थना. कुटुंबप्रमुख म्हणून त्यानं नियम एकच घातला होता: या वेळात फक्त प्रभूशी बोलायचं.

मग त्याची बायको सुवार्ता घरातलं सगळं प्रभूच्याच कानावर घालू लागली. "हे प्रभू, गॅस संपलाय." "प्रभू, कृपाच्या शाळेत शुक्रवारी पालकांना बोलावलंय."

शलमोनही तिथूनच उत्तर द्यायचा. "शुक्रवारी माझा अमेरिकेशी कॉल आहे, प्रभू, हे तू जाणतोस." संसार अगदी झकास चालला होता.

आज ती म्हणाली, "प्रभू, छातीतली गाठ आता फुफ्फुसापर्यंत गेलीय. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात."

मग शलमोन नियम न मोडता, डोळे मिटूनच रडत म्हणाला, "प्रभू, हिनं आधी का नाही रे सांगितलं?"

"सांगितलं होतं, प्रभू," सुवार्ता म्हणाली. "नाताळात एकदा, ईस्टरला एकदा. दोन्ही वेळा हे मोठ्यानं आमेन म्हणाले."