बावन्न सेकंद

"झटका किती वेळ होता?" डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता येईना. तापाने फणफणलेली दहा महिन्यांची लेक माझ्या हातात ताठ झाली, एवढंच मला आठवत होतं.

नवऱ्याने खिशातून वही काढली. तो भयकथा लिहितो. कुठे कोण चितेवर उठून बसलं, कुणाच्या पोटात केसांचा गोळा निघाला, असलं सगळं त्या वहीत टिपून ठेवतो. लग्नाआधी पेपरातली तसली कात्रणं मीच त्याला हौसेने आणून द्यायचे.

"बावन्न सेकंद," तो वाचू लागला. "आधी डावा हात आखडला, मग डोळे पांढरे झाले."

"असे वडील हवेत!" डॉक्टर म्हणाल्या. "आया नुसत्या रडत येतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला घेऊन रिक्षासाठी ओरडत रस्त्यावर धावले, तेव्हा हा घड्याळ बघत होता! बाहेर येताच मी वही हिसकावली. त्याच पानावर खाली लिहिलं होतं : 'आईचा आवाज माणसाचा वाटत नाही. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याचा बूट. वापरता येईल.'

"अगं मृदुला, उपयोग झालाच ना?"

"झाला. म्हणून हे पान तिच्या फाईलमध्ये जाईल." मी ते टरकन फाडलं. "लेकरू हातातून चाललं होतं आणि तुला कथा सुचत होती?"

तो माझ्या खांद्यावर झोपलेल्या लेकीला थोपटत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेवढं बुटाचं उतरवून घेऊ दे. मग लाव फाईलला."