सालेहकाकांची तीन मिनिटं

हिरवा.

टेबलावरचा वेळ दाखवणारा दिवा लागला आणि सालेहकाकांनी समितीच्या अध्यक्षांची, त्यांच्या लेकराबाळांची, घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची खुशाली विचारायला घेतली.

“नमस्कार,” दुभाषी नवालनं इंग्रजीत सांगितलं.

काका बघतच राहिले. “एवढंच? अगं, मी त्यांच्या आईचीसुद्धा चौकशी केली!”

“काका, तीन मिनिटांत माझंही बोलणं धरतात. मुद्द्यावर या.”

“तीन मिनिटांत आमच्याकडे कुणी चहासुद्धा ओतत नाही.”

वॉशिंग्टनमधल्या त्या दालनात सात सल्लागार बसले होते. काकांच्या देशातल्या लष्कराला यंदाही विमानं आणि बॉम्ब द्यावेत का, हे त्यांनी सरकारला सुचवायचं होतं. तसल्याच एका बॉम्बनं काकांच्या दोन्ही मुली नेल्या होत्या. निदान त्यांची नावं इथल्या कागदावर चढावीत, एवढ्यासाठी म्हातारा समुद्र ओलांडून आला होता.

पिवळा.

“थोरली बुश्रा. डावखुरी. भाकरी डाव्या हातानं मोडायची, आजी खेकसायची. आणि धाकटी…”

“यांच्या दोन मुली गेल्या,” नवाल म्हणाली.

मागणी अजून यायचीच होती आणि काका धाकटीच्या खोड्यांत रमले होते. नवालनं त्यांना तिथंच सोडलं. बाहेर बाकावर काकांनी घोकलेलं वाक्य तिनं स्वतःच इंग्रजीत म्हणून टाकलं. “आता एकही विमान देऊ नका. उरलेल्यांना जगू द्या.”

लाल.

माईक बंद पडला. काकांचे ओठ हलतच होते.

“आभारी आहोत,” अध्यक्ष म्हणाले. “आमची शिफारस सकाळीच गेली. लष्करी मदत चालू राहील. ही वेळ फक्त ऐकून घेण्यासाठी असते.”

शेजारचे निवृत्त जनरल फायली आवरू लागले. “चला, जेवणाआधी आटपलं.”

“काय म्हणतायत?” काकांनी विचारलं. “पोरींची नावं घेतलीस ना?”

मागणीसाठी नवालनं नावं गाळली होती.

दिवा विझलेला.

नोंदी ठेवणाऱ्या बाई पेन सरसावून आल्या. “बोलणाऱ्यांचं नाव लिहायचं राहिलं.”

इंग्रजी प्रश्न काकांना कळला नाही, पण पेन दिसताच ते ताठ झाले. “बुश्रा,” ते म्हणाले. बाईंना लिहिता यावं म्हणून अगदी सावकाश.

बाईंनी लिहिलं. “आडनाव?”

नवाल काकांकडे वळली.

“आणि धाकटीचं?” तिनं विचारलं.