कोबीचे मोमो

अदितीने दूध-तूप सोडलं, तेव्हा विश्वनाथरावांनी भरल्या पंगतीत लेकीची टिंगल केली होती. ती ताटावरून उठली आणि त्यानंतर धरमपेठेतल्या घरी फिरकली नाही.

यंदा ती येते म्हणाली, तेव्हा त्यांनी स्वतः मैदा भिजवला, कोबी-सोयाबीनचं सारण परतलं आणि वेडेवाकडे मोमो इडलीपात्रात वाफवले.

"पनीर, बटर काहीच नाही वं यात," बशी पुढे करत ते म्हणाले.

अदितीने दोन खाल्ले. मग म्हणाली, "बाबा, मी दूध केव्हाच पुन्हा सुरू केलं. चहा टाकू?"

"टाक. पण तुझ्यासाठी दूध खालच्या दुकानातून आणावं लागेल," ते म्हणाले. "तू गेल्यापासून मी कोराच पिऊन राहिलो."