काळ्या खडकाखालचा पंजा

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात कशेळ्याजवळ चांगो विहीर खणत होता. पाणी लागलं नाही, तर गाव सोडावं लागणार होतं. पहिली कुदळ मारण्याआधी त्याची पोटुशी बायको आवडी हिनं काठावरच्या धोंड्यावर हळदीचा पंजा उमटवला होता, वाकड्या करंगळीसकट.

मातीखाली मुरूम निघाला, मुरुमाखाली पंधरा हात अखंड काळा खडक. जितकं खाली जावं तितकं जुनं लागतं, हे चांगोला ठाऊक होतं.

आज तो खडक फुटला. खालच्या तांबड्या मातीवर हळदीचा पंजा होता, तसाच वाकड्या करंगळीचा. शेजारी आणखी एक, इवलासा.

"अवं, लागलं का पानी?" आवडीनं वरून हाक मारली.

चांगोनं बोट टेकवलं. हळद ओली होती. आणि त्या इवल्या पाचही बोटांतून पाणी पाझरू लागलं.