खोटं थडगं

ज्यू आजोबा जिथून जीव मुठीत धरून पळाले होते, त्या परदेशातल्या गावात महिनाभर वणवण करूनही नातीला रक्ताचं एकही माणूस सापडलं नाही. शेवटी तिनं स्वतःच्या फजितीवरच विनोदी सिनेमा काढायला घेतला. गावच्या दफनभूमीत थर्माकोलचं थडगं उभारलं आणि त्यावर आजोबांचं खरं नाव रंगवून घेतलं.

सकाळी कॅमेऱ्याला डोळा लावताच ती कडाडली, "दादा, थडग्यावर हा खडा कुठला? कालच्या शॉटमध्ये नव्हता!"

"आईशपथ, आमच्यापैकी कुणी हात नाही लावला," नेपथ्यवाले दादा चाचरले.

"मग काय आजोबाच उठून ठेवून गेले?"

खडा भिरकावायला तिनं हात उगारला आणि तो तसाच राहिला.



"थडग्यावर फुलं नाही, खडा ठेवायचा," आजोबा सांगायचे, "म्हणजे आपलं माणूस भेटून गेलं हे कळतं."